महाधमनी फाटली तर छाती उघडायची की स्टेंट टाकायचा?

वणीकर: मामेभावाची महाधमनी फाटली. नागपूरले डॉक्टर म्हणतात, छाती उघडाच. आमच्या गावच्या काकांचं हेच दुखणं मांडीतून तार घालून, स्टेंट टाकून निभलं. मंग इथं ओपन काहून? बिल फुगवाले, दुसरं काय!

सिस्टरताई: वाचून डोकं उठलं. काकांची फाट, म्हणजे धमनीच्या आतल्या अस्तराची चीर, कुठे होती, हे विचारलंत? हृदयातून निघतानाच्या भागात असेल तर तो टाईप ए. रक्त हृदयाच्या पिशवीत उतरतं, मेंदूकडचा पुरवठा तुटतो. उपचार नसतील तर पहिल्या 48 तासांत दर तासाला साधारण एक-दोन टक्के रोगी हातचे जातात. तिथूनच हृदयाच्या आणि पुढे मेंदूच्या नळ्या निघतात, मग नेहमीचा स्टेंट टेकवणार कुठे? म्हणून शरीर थंड करून, रक्ताभिसरण थोडा वेळ थांबवून फाटका भाग काढतात आणि डॅक्रॉनची, म्हणजे कृत्रिम कापडाची, नळी शिवतात. मुळाशीच बिघाड असेल तर झडपेसकट, त्या ऑपरेशनला बेंटॉल म्हणतात. पाठीकडच्या भागात फाट म्हणजे टाईप बी. त्यात आधी बीपी आणि ठोके खाली आणायचे. पाय, आतडी, किडनीचं रक्त तुटलं किंवा धमनी फुटायला आली तर स्टेंट. काकांचं बहुधा हेच.

वणीकर: लेक्चरबद्दल आभार, बाई. पण तालुक्याले तर आमच्या माणसाले अटॅक म्हणून गुठळी विरघळवाचं इंजेक्शन देत होते! त्याचं काय?

तालुक्याचा एमओ: दिलं असतं तर घात होता, खरं आहे. पण छातीतलं दुखणं दोन्हीत, ईसीजीही फसवतो. दोन्ही हातांच्या बीपीत फरक दिसला तर धमनीचा संशय घ्यायचा, आणि ते मोजायला पैसे लागत नाहीत, हे मान्य. फरक नसला तरी धमनी धड आहे असं होत नाही. त्याला सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅनच लागतो. रात्री दोन वाजता तो मी कुठून आणू, खिशातून? आणि एक सांगा, पेशंट बीपीची गोळी घेत होता का?

वणीकर: सोडली होती. बरं वाटत होतं.

झाडीपट्टी: घ्या! गोळी सोडली, तंबाखूचा खर्रा नाही सोडला!

वणीकर: ओ भाऊ, खर्र्याचं तुमाले काय करायचं? आरोग्य केंद्रात गोळी मिळत नाही, टपरीवर खर्रा मिळते.

झाडीपट्टी: माह्या बापानं कापूस वेचाईच्या हंगामात अशीच गोळी सोडली. फवारणीले पैसे होते, खर्र्याले होते, गोळीले नव्हते. लकवा मारला. म्हणून बोलतो, हौस नाही मले.

तालुक्याचा एमओ: गोळी संपली तर केंद्रात येऊन भांडा ना! भांडायला कोणी येत नाही, थेट ॲम्ब्युलन्समधूनच येतात.

वणीकर: मजुरी बुडवून भांडाले येऊ का, साहेब?

सिस्टरताई: विषय ऑपरेशनचा होता. डॅक्रॉनची नळी घडवणारे अमेरिकेतले सर्जन डीबेकी, त्यांचीच महाधमनी 2005 च्या शेवटी फाटली. वय 97. पुढच्या फेब्रुवारीत ओपनच झालं, 2008 पर्यंत जगले.

झाडीपट्टी: ते ह्यूस्टनले होते ताई, भामरागडले नाही.

वणीकर: काकांच्या पोराले फोन केला. टाईप बीच होतं. झालं समाधान? आता पैशाचं बोला.

सिस्टरताई: जन आरोग्य योजनेचं कवच 5 लाखांचं आहे. हे ऑपरेशन त्यात बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला आत्ताच विचारा. ऑपरेशनच्या संमतीची सही मात्र लांबवू नका.

वणीकर: सही केली सकाळीच. इथं नुसतं विचारत होतो.