कार्पमध्ये इंटरल्यूकिन-१० वाढले, तर प्रतिकारशक्ती वाढली म्हणावे की दबली?

प्रश्न
कॉमन कार्पना आठ आठवडे यीस्टमधील बीटा-ग्लुकान (पेशीभित्तिकेतील एक शर्करा-बहुवारिक) मिसळलेले खाद्य दिल्यानंतर आम्ही त्यांच्या हेड किडनीतील (वृक्काचा पुढचा, प्रतिकारपेशी तयार करणारा भाग) जनुकांची अभिव्यक्ती क्यूपीसीआरने, म्हणजे आरएनएचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीने, तपासली. नियंत्रण गटाच्या तुलनेत इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा यांचे आरएनए स्पष्टपणे वाढले होते, दाह वाढवणाऱ्या टीएनएफ-अल्फाचे मात्र जवळपास तेवढेच राहिले. वाढलेली दोन्ही प्रथिने दाह आवरणारी असल्याने निष्कर्ष काय लिहावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
एवढ्यावरून दोन्हींपैकी काहीही लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जिवाणू शिरला की काही तासांतच इंटरल्यूकिन-१ बीटा आणि टीएनएफ-अल्फा ही दाह वाढवणारी प्रथिने वाढतात, आणि त्यांच्या मागोमाग इंटरल्यूकिन-१० येऊन भक्षक पेशींना (जिवाणू गिळणाऱ्या पेशींना) आवर घालते. हा आवर वेळेवर बसला नाही, तर जिवाणू मारण्यासाठी सोडलेली क्रियाशील ऑक्सिजन संयुगे माशाच्याच ऊतींना इजा करतात. त्यामुळे किती वाढले यापेक्षा केव्हा वाढले याला महत्त्व आहे, आणि आपण नमुना एकदाच, तोही संसर्ग नसताना घेतला आहे. एरोमोनास हायड्रोफिला या माशांना रोग करणाऱ्या जिवाणूची चॅलेंज टेस्ट (मुद्दाम संसर्ग देऊन घेतलेली चाचणी) करून ०, ६, २४ आणि ७२ तासांनी नमुने घ्यावेत व मरतूक नोंदवावी. पाण्याचे तापमानही रोज लिहावे, कारण थंड पाण्यात माशाचा प्रतिसाद लांबतो.

प्रतिसाद २
कार्पच्या बाबतीत इंटरल्यूकिन-१० ला केवळ आवर घालणारे प्रथिन म्हणणे अपुरे आहे. ते भक्षक पेशींना शांत करते हे खरे, परंतु आयजीएम हे प्रतिपिंड तयार करणाऱ्या बी-पेशींची वाढ आणि प्रतिपिंडांचे स्रवण त्याने वाढते, असेही प्रयोगांत दिसले आहे. शिवाय कार्पच्या पूर्वजांत संपूर्ण जनुकसंच दुप्पट झाल्यामुळे या जनुकाच्या दोन प्रती आहेत. आपला प्रायमर (क्यूपीसीआरमध्ये ठरावीक जनुकावर बसणारा डीएनएचा छोटा तुकडा) त्यांपैकी कोणती मोजतो?

प्रतिसाद ३
आरएनए वाढले म्हणून कार्यक्षम प्रथिन वाढलेच, असे धरू नये. इंटरल्यूकिन-१ बीटा पेशीत आधी लांब पूर्वरूपात तयार होते. सस्तन प्राण्यांत ते कॅस्पेज-१ हे विकर ज्या जागी कापून कार्यक्षम करते, ती जागा माशांच्या प्रथिनात तशी आढळत नाही. म्हणूनच सस्तन प्राण्यांसाठीच्या एलायझा (प्रतिपिंड वापरून प्रथिन मोजणाऱ्या) किटने माशांत मिळालेला आकडा, ते प्रतिपिंड माशाचे प्रथिन खरोखर ओळखते हे दाखवल्याशिवाय, मी ग्राह्य धरत नाही.

नमुन्याबद्दलही विचारतो. हेड किडनी कल्ल्यांच्या मागे, पाठीच्या कण्याखाली, गडद लाल आणि इतकी मऊ असते की चिमटा जरा जोरात लागला तरी फाटते. माझ्या पहिल्या नमुन्यांत तिच्यासोबत मागच्या वृक्काचा तुकडा आला होता आणि त्या सगळ्या तुलना मला टाकून द्याव्या लागल्या.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. प्रायमर आत्ताच पडताळला. तो दोन्ही प्रतींच्या समान भागावर बसतो, म्हणजे आम्ही बेरीज मोजत होतो. प्रत्येक प्रतीसाठी वेगळा प्रायमर घेऊन जपून ठेवलेल्या आरएनएवर मोजणी पुन्हा करतो, आणि चॅलेंज टेस्ट होईपर्यंत अहवालात ‘अभिव्यक्तीत वाढ आढळली’ एवढेच लिहितो.