लायब्ररीतली नोकरी: नुसती पुस्तकं लावणं नाही
अमेरिकेत शिकताना विद्यापीठाच्या लायब्ररीत नोकरी म्हणजे काय, पुस्तकं रॅकवर लावायची, त्यात शिकण्यासारखं काही नाही, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. शेल्विंगपुरतं खरं असेल, पण पीअर मेंटरचं, म्हणजे इतर विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या विद्यार्थ्याचं, काम वेगळं. अमेरिकेत एमएस करताना मी ते केलंय. समोर येणारं पोर बहुतेक पहिल्या वर्षाचं, असाइनमेंट उद्यावर आलेली, आणि प्रकाशकाच्या साइटवर लेखाचे पैसे मागतायत म्हणून अडलेलं. तोच लेख लायब्ररीच्या लॉगिनमधून फुकट उघडतो, नाहीच मिळाला तर इंटरलायब्ररी लोनने, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीकडून, मागवता येतो, हे त्याला माहीतच नसतं. ग्रंथपालाला विचारायला ही मुलं बिचकतात, आपल्याला बिनधास्त विचारतात. म्हणून तर हे पद ठेवलेलं असतं.

एक मुद्दा मात्र सांगायला हवा. जाहिरातीत 'फेडरल वर्क-स्टडी' (सरकारी मदतीतून पगार मिळणारं काम) आवश्यक असेल तर एफ-१ वाल्यांनी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी, तिथे वेळ घालवू नये, ती सरकारी मदत आपल्याला मिळत नाही. वर्क-स्टडीची अट नसलेल्या जागा बघा. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा कॅम्पसवरची सगळी कामं मिळून असते. लायब्ररीत १५ आणि मेसमध्ये १० असं जमवता येत नाही. आणि टॅक्स भरताना लक्षात ठेवा, भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे आपल्या विद्यार्थ्यांना करासाठी नॉन-रेसिडेंट (अनिवासी) असूनही स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट, घेता येतं. फॉर्म भरून देणाऱ्याला हे ठाऊक असेलच असं नाही, आपणच सांगावं लागतं.