अन्ननलिकेतली गाठ आणि 'आधी तुकडा काढा' वाले

सातरस्ता_सुनील: काल इथं एका शहाण्याने लिहिलं, "अन्ननलिकेत गाठ दिसूनही बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) केली नाही तर डॉक्टर बदला." डोकंच फिरलं. आमच्या मावशीला घास अडकायचा, कडक भाकरीचा नव्हे हो, दुधात कुस्करलेल्या भाकरीचा. एंडोस्कोपीत गुळगुळीत फुगवटा, वरचं अस्तर शाबूत, तरी एका डॉक्टरने चिमट्याने तुकडा घेतलाच आणि रिपोर्ट नॉर्मल. येणारच की, गाठ स्नायूच्या थरात आणि चिमटा अस्तरात! पुढं दुर्बिणीतून सोनोग्राफी केली तेव्हा कळलं लिओमायोमा, साधी, कॅन्सर नसलेली गाठ. पण चिमटा घेतला तिथं अस्तर गाठीला चिकटलेलं, ऑपरेशनला सोडवताना फाटलं, टाके घालावे लागले.

गड्डा_फॅन: शहाणा मीच. आमच्या पप्पांना 'साधीच असेल, बघू' म्हणत वर्षभर बसवलं आणि निघाली जिस्ट, म्हणजे अन्नमार्गाच्या भिंतीतली कॅन्सरची गाठ. अन्ननलिकेत ती क्वचित, जठरात जास्त, माहितेय मला, पण आमच्याच घरी आली ना. सीडी ११७ नावाच्या प्रथिनासाठी तुकडा रंगवून तपासल्याशिवाय साधी गाठ की जिस्ट हा फरक कळत नाही, आणि त्याला तुकडा लागतोच. आता जिस्टवरची गोळी इमॅटिनिब चालू आहे. २०१३ ला सुप्रीम कोर्टाने नोवार्टिस कंपनीला तिचं पेटंट नाकारलं म्हणून ती गोळी परवडते तरी.

सातरस्ता_सुनील: मालक, तो तुकडा सुईने घेतात, सोनोग्राफीत बघून सुई थेट गाठीत घालतात. चिमटा वेगळा, सुई वेगळी.

पार्क_चौक: सुई घाला नाहीतर दाभण, मुंबईला जायचं कसं ते सांगा. सोलापूर-मुंबई सिद्धेश्वर एक्सप्रेसचं वेटिंग बघितलं का?

शेंगाचटणी: कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसी फुकट, सोबतच्याला ७५ टक्के सूट.

पार्क_चौक: सूट तिकिटाला बे, बर्थला नाही! आणि वंदे भारतला तर सवलतच नाही.

सातरस्ता_सुनील: मावशीची गाठ साधी निघाली म्हणून आम्ही पूर्ण तिकीट भरलं. आनंद मानायचा का रडायचं?

शेंगाचटणी: पेढे वाटा की मग.

गड्डा_फॅन: धागा रेल्वेचा केलात वाटतं. बरं घ्या लिहून, गुळगुळीत गाठ, अस्तर शाबूत, तर चिमटा नको, आधी सोनोग्राफी. झालं समाधान? पण खडबडीत असेल, रक्त येत असेल तर त्याच दिवशी तुकडा, तिथं तुमच्या मावशीची गोष्ट चालणार नाही.

सातरस्ता_सुनील: ते मी कधी नाकारलं?

गड्डा_फॅन: पहिल्या पोस्टीत लिहिलंही नाही.

पार्क_चौक: तत्काळ उघडलं रे, ११ वाजले. दोन मिनिटांत वेटिंग. बसा आता भांडत.