स्विमिंग पूलजवळच्या स्पीकरवरून पेटलेला सोसायटीचा ग्रुप

सी-१०१ मीनल: नमस्कार, आज ऑफिसमधून आले तर माझ्या बेडरूमच्या खिडकीच्या बाजूला भिंतीवर खडूने दोन खुणा. इलेक्ट्रिशियनला विचारलं तर म्हणे पूलसाठी दोन मोठे स्पीकर लागणार इथे. कोणी ठरवलं? मी मीटिंगला होते, तेव्हा फक्त टाइल्सचं ठरलं होतं. होळीला रात्री काय झालं ते सगळ्यांना माहितीये, परत सांगत बसत नाही.

सेक्रेटरी पाटील: मीनल ताई, काहीही ठरलेलं नाही. लीकेजसाठी पूलभोवतीच्या डेकच्या टाइल्स उखडल्याच आहेत, तर स्पीकरची सोय आत्ताच बघून ठेवावी असा विचार होता. नंतर परत तोडफोड म्हणजे परत खर्च.

डी-७०२ गोखले काका: आमच्या टेरेसचं वॉटरप्रूफिंग आधी. पावसाळा आला की बेडरूममध्ये बादली लावतोय आम्ही. स्पीकर नंतर.

ए-३०१ रोहन: काका ते वेगळं बजेट आहे ना. इथे फक्त दोन पार्टी स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर लावायचाय, वाढदिवस, ३१ डिसेंबर, गणपतीतले कार्यक्रम सगळं होईल. दरवेळी डीजेवाल्याला भाडं देण्यापेक्षा बरं.

सी-१०१ मीनल: तुमचा वाढदिवस, माझी झोप.

बी-२०३ जाधव वहिनी: आम्हाला सकाळच्या ॲक्वा एरोबिक्सला हळू आवाजात गाणी हवीत एवढंच, त्यासाठी सबवूफर कशाला? मोबाइलचा स्पीकर बाकावर ठेवतो तो दोनदा पाण्यात पडलाय.

ए-३०१ रोहन: वहिनी तुमची गाणी ऐकून पाणीसुद्धा पूल सोडून जाईल 😄

बी-२०३ जाधव वहिनी: ये तू सकाळी सहाला, मग बघू कोण पूल सोडून जातं ते.

बी-४०५ सागर: सगळ्यांना विनंती, दोन मिनिटं वाचा. माझं कामच हॉल आणि हॉटेलच्या साउंडचं आहे म्हणून बोलतोय, विकायचं काही नाहीये. एका कोपऱ्यात दोन मोठे स्पीकर ही सगळ्यात वाईट योजना आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. आपला डेक त्या कोपऱ्यापासून १६ मीटर लांब जातो, त्या टोकाला ७० डेसिबल हवे असतील तर स्पीकरपासून १ मीटरवर ९४ लागतात. मीनल ताईंची खिडकी ३ मीटरवर, म्हणजे तिथे ८४ च्या आसपास. मग त्यांनी का गप्प बसायचं?

सी-१०१ मीनल: धन्यवाद. कोणीतरी आकड्यात बोललं.

बी-४०५ सागर: याऐवजी सात-आठ छोटे स्पीकर डेकभर वाटून लावायचे. प्रत्येक माणूस कुठल्यातरी एका स्पीकरच्या ३ मीटरच्या आत आला की त्याच ७० साठी १ मीटरवर ८० पुरतात, आणि एरोबिक्सला तर त्याहून कमीच. स्पीकर खांबावर उंच नाही, कुंड्यांच्या उंचीवर, पाठ सी विंगला आणि तोंड पाण्याकडे. सबवूफर अजिबात नको. वरचे सूर भिंतीने बरेचसे अडतात, बास भिंतीतून आणि वळसा घालूनही येतो, होळीला सातव्या मजल्यापर्यंत जे ढुमढुम गेलं ते तेच. शिवाय आपल्या बी आणि सी विंग समोरासमोर आहेत, मध्ये उभं राहून टाळी वाजवून बघा, घुमते की नाही.

ए-३०१ रोहन: दादा मग मेंदीची झाडं उंच वाढवू भिंतीलगत, आवाज अडेल.

बी-४०५ सागर: झाडांच्या एका रांगेने आवाज जवळपास अडत नाही रे, फक्त दिसायला बरं वाटतं.

डी-७०२ गोखले काका: आमच्या टेरेसचं वॉटरप्रूफिंग आधी.

खजिनदार बी-६०१: काका, तिसऱ्यांदा सांगते, त्याचं कोटेशन आलंय, पुढच्या मीटिंगला ठेवतेय. आणि सगळ्यांनाच सांगते, सिंकिंग फंडातून स्पीकर होणार नाहीत, तो पैसा इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी असतो. जनरल बॉडीचा ठराव झाला तरच मी चेकवर सही करेन.

सेक्रेटरी पाटील: मॅडम, तुम्ही सहीचं प्रत्येक वेळी ग्रुपवर सांगायची गरज नाही, आम्हालाही नियम माहितीयेत.

खजिनदार बी-६०१: माहितीयेत तर इलेक्ट्रिशियन आला कसा साहेब?

ए-१०४ देशमुख: सकाळी सकाळी भांडू नका. तो व्हिजिटर पार्किंगमधला बुलेटवाला कोण आहे ते आधी सांगा.

बी-२०३ जाधव वहिनी: रात्रीचे साडेनऊ वाजलेत देशमुख भाऊ.

सी-१०१ मीनल: विषय बदलू नका प्लीज. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री (१० ते सकाळी ६) ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खाजगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज हद्दीवर त्यापेक्षा ५ हून जास्त वाढलेला चालत नाही. आणि लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, रात्री १० नंतर उघड्यावर लावायचाच नाही. हे मी होळीनंतर पण टाकलं होतं, कोणी उत्तर दिलं नाही.

ए-३०१ रोहन: ताई होळीचं मी तेव्हाच सॉरी म्हटलं होतं. किती दिवस?

सी-१०१ मीनल: सॉरी मला म्हटलंस, सासूबाईंना नाही. त्या रात्रभर बसून होत्या.

बी-४०५ सागर: ॲम्प्लिफायर क्लब हाउसच्या कपाटात कुलपात ठेवू, त्यात लिमिटर सेट करू म्हणजे ठरलेल्या आवाजापुढे कोणीही नॉब फिरवला तरी जाणार नाही, आणि टायमरवर रात्री ९ला बंद. ब्लूटूथ सगळ्यांना उघडं ठेवायचं नाही.

डी-५०३ अस्मिता: मला वेगळीच काळजी आहे. माझा मुलगा नुकता पोहायला शिकतोय. गाणी लागली की लाइफगार्डची शिट्टी किंवा मुलाची हाक ऐकू येणार का? लहान मुलांच्या बॅचला गाणी नकोतच.

बी-४०५ सागर: एकदम बरोबर. मुलांच्या बॅचला सिस्टिम बंद. आणि लाइफगार्डजवळ एक माइक ठेवू ज्याचं बटन दाबलं की गाणं आपोआप थांबतं, अशी सोय चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये असते.

डी-५०३ अस्मिता: मग माझी हरकत नाही 🙏

बी-४०५ सागर: आता वायरिंग, इथे मी हट्ट धरणार. आठ स्पीकर एका लाइनवर लांबपर्यंत न्यायचे तर १०० व्होल्ट लाइनची पद्धत वापरतात. म्हणजे स्पीकरच्या वायरमध्येसुद्धा झटका बसेल एवढं व्होल्टेज असतं. त्यामुळे स्पीकर आणि जोड पाण्याच्या काठापासून साडेतीन मीटर बाहेरच, आत काही नको. ॲम्प्लिफायरच्या सप्लायला ३० मिलिॲम्पची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. पण ती स्पीकरच्या लाइनचं रक्षण करत नाही, म्हणून अंतरात तडजोड नाही. स्पीकरची वायर आणि दिव्यांची पॉवर केबल एका पाइपात टाकायची नाही, पाइप वेगळे. ओल्या अंगाने माणसं फिरतात तिथे जुगाड चालणार नाही.

सेक्रेटरी पाटील: आपला नेहमीचा इलेक्ट्रिशियन करेल ना? तो स्वस्तात करतो.

बी-४०५ सागर: साहेब गैरसमज नको, पण पंपरूममध्ये त्याने टेपवर सोडलेले जोड मी स्वतः बघितलेत. लायसन्सवालाच लागेल.

सेक्रेटरी पाटील: ठीक आहे, तुम्ही म्हणाल तसं, तुम्हीच एक्स्पर्ट.

बी-२०३ जाधव वहिनी: पावसात टिकतील का पण? मागच्या वेळी गेटवरचा स्पीकर दोन पावसाळ्यात गंजला.

बी-४०५ सागर: किमान आयपी६५ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) घ्यायचे आणि जमिनीत पुरायचे असतील तर आयपी६७, पण आपल्या लॉनवर पाणी साचतं म्हणून पुरणारे मला नकोच वाटतात. स्क्रू-ब्रॅकेट ३१६ ग्रेड स्टीलचे, क्लोरीनच्या हवेत साधं लोखंड लगेच जातं. प्लॅस्टिक उन्हात तडकणारं नको.

डी-७०२ गोखले काका: आमच्या टेरेसचं वॉटरप्रूफिंग आधी. लॉनवर पाणी साचतं ते आमच्याच टेरेसच्या तुटक्या पाइपाचं.

बी-४०५ सागर: काका या मुद्द्यात दम आहे, तो पाइप दुरुस्त झाल्याशिवाय लॉनच्या बाजूला काहीच बसवू नये.

डी-७०२ गोखले काका: शेवटी कोणीतरी ऐकलं.

खजिनदार बी-६०१: सागर, आत्ता काय करायचं तेवढं सांग. मिस्त्री परवा टाइल्स बसवतोय.

बी-४०५ सागर: आत्ता स्पीकर घ्यायचेच नाहीत. फक्त रिकामे २५ एमएमचे पाइप टाकून आत ओढायला तार सोडायची, तोंडं बंद करायची. हा खर्च थोडका आहे. रविवारी ११ वाजता मी माझे चार छोटे स्पीकर आणतो, ठरलेल्या जागी तात्पुरते ठेवू. मीनल ताईंच्या बेडरूममध्ये मीटर ठेवू, खिडकी उघडी आणि बंद, दोन्ही. ५५ च्या वर गेलं तर जागा बदलायची नाहीतर योजना सोडायची.

सी-१०१ मीनल: चालेल. सासूबाई पण असतील, त्यांनाही विचारायचं. आणि ठराव जनरल बॉडीतच.

सेक्रेटरी पाटील: मान्य. पाइपाचं बिल माझ्याकडे पाठवा, इलेक्ट्रिशियनला मी थांबवतो.

ए-३०१ रोहन: ३१ डिसेंबरचं काय मग?

सी-१०१ मीनल: नऊ वाजेपर्यंत नाच.

बी-४०५ सागर: पाइप उद्या संध्याकाळपर्यंत आणावे लागतील, माझ्या गाडीत बसणार नाहीत. कोणाकडे कॅरियर आहे?

ए-३०१ रोहन: माझ्याकडे. सातला गेटवर ये दादा.