देवाच्या सामर्थ्यावर भरवसा आहे ना, मग गप्प का बसतो आपण?

मोहरीचा दाणा:
परवा लिफ्टमध्ये ऑफिसातल्या एकाने विचारलं, "एवढं सगळं होऊनही तू खचला नाहीस, कसं जमतं रे?" आणि मी म्हणालो, "काही नाही, झोप चांगली लागते." बास. मजला आला, दार उघडलं, तो गेला. खरं उत्तर प्रभू येशू होतं आणि ते अगदी जिभेवर आलं होतं. तेव्हापासून येशूचा शिष्य पेत्र डोक्यातून जात नाहीये, येशूला पकडलेल्या रात्री अंगणात शेकोटी, एक साधी दासी विचारते तूही त्याच्याबरोबरचा ना, आणि गडी सरळ नाकारून मोकळा. त्याला निदान जिवाची भीती होती, मला कसली? रविवारी सामर्थ्याची गाणी, सोमवारी तोंडाला कुलूप. बायबलात मत्तय २८ मध्ये सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा म्हटलंय, सोयीच्या लोकांना नाही. सगळ्यांना सांगायचं, पुढचं देव बघेल, असं माझं मत.

काठावरची:
हे "सगळ्यांना" वाचलं की पोटात गोळा येतो माझ्या. बाबा आयसीयूत होते तेव्हा ओळखीतले एकजण आले, उशीखाली पत्रक सरकवलं, म्हणाले विश्वास धरा, उठून चालायला लागतील. बाबा गेले. तर बाहेर पॅसेजमध्ये मलाच म्हणतात, विश्वास कमी पडला असणार. कोणाचा? बेशुद्ध माणसाचा? आणि देव एवढा समर्थ आहे तर त्याला तुमच्या लिफ्टमधल्या दोन वाक्यांची गरज काय?

जुना सभासद:
ताई, मी चर्चचाच माणूस, आधी तुमची माफी मागतो. ते जे बोलले ते चूकच. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा काही निघाला नाही, उत्तर मिळालं माझी कृपा तुला पुरे, अशक्तपणातच माझं सामर्थ्य पूर्णत्वाला येतं (२ करिंथ १२). आता काय पौलाचा विश्वास कमी होता म्हणायचं? भरवसा ठेवणं म्हणजे देवाच्या नावाने गॅरंटी कार्ड वाटणं नव्हे.
आणि दाणेराव, १ पेत्र ३:१५ बघा, विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. तुम्हाला तर विचारलं होतं की हो!

मोहरीचा दाणा:
तेच तर खुपतंय. ताई, गरज नाहीच त्याला. मोशेही म्हणाला मी जड जिभेचा, तरी देवाने लोकांकडे पाठवलं त्यालाच. पौल म्हणतो मी लावलं, माझ्या सोबत्याने, अपुल्लोसाने, पाणी घातलं, वाढवलं देवाने, म्हणजे रिझल्ट आपल्या हातात नाही आणि ज्याला हे खरंच पटलंय तो कुणाच्या उशाशी जाऊन घाई करणार नाही. पण न विचारणाऱ्यांचं काय? येशूची वार्ता सांगत फिरणारा फिलिप्प शास्त्र वाचत चाललेल्या त्या अधिकाऱ्याच्या रथापाशी धावत गेला तेव्हा त्याला रथातल्याने कुठे बोलावलं होतं?

काठावरची:
वाचलंय मी, भांडायचं तर वाचावं लागतं. फिलिप्पाने आधी विचारलं, वाचताय ते समजतंय का? मग त्या अधिकाऱ्यानेच त्याला वर बसवून घेतलं. आणि मार्क १० मधला श्रीमंत माणूस? येशूला त्याच्याबद्दल प्रेम वाटलं, तरी तो खिन्न होऊन निघाला तेव्हा येशू मागे धावला नाही. असं जाऊ देणं तुमच्यातल्या कितीजणांना जमतं?

उशिरा आलेला:
सगळे फार सोवळ्यात बोलताय राव. मला एका अनोळखी माणसाने बसमध्ये योहानाचं शुभवर्तमान, बायबलातलं येशूच्या जीवनावरचं पुस्तक, अक्षरशः हातात कोंबलं, ना ओळख ना पाळख, सौम्य वगैरे अजिबात नव्हता तो, मी शिवी पण घातली. चार महिने बॅगेत पडून होतं, मग एका रात्री बाटली संपल्यावर काढलं. तो माझ्या विचारण्याची वाट बघत बसला असता तर मी आज हे टाइप करायला नसतो.

काठावरची:
तुमचं चांगलं झालं, खरंच. पण तुमच्या हातात दिलं होतं, तुम्हाला ते फेकता आलं असतं.