काळ्या बाटलीशिवाय तळ्याचा हिशेब लागत नाही

गवत कापायचं, वाळवायचं, वजन करायचं, की झाली उत्पादकता (वनस्पतींनी ठरावीक काळात किती नवं अन्न बनवलं ते) मोजून, हे म्हणणं माळरानापुरतं मान्य (गुरांनी खाल्लेलं आणि मुळांत गेलेलं तिथेही निसटतंच). तळ्यात मात्र ही युक्ती चालत नाही. तिथलं सूक्ष्म शैवाल काही दिवसांत दुप्पट होतं आणि जवळपास तितक्याच वेगानं खाल्लं जातं. पाणी गाळून वजन केलंत तर शिल्लक कळेल, कमाई नाही.

त्यासाठी गार्डर आणि ग्रान या शास्त्रज्ञांची १९२७ ची रीत अजून कामाची आहे. एकाच खोलीवरचं पाणी दोन बाटल्यांत भरायचं, एक पारदर्शक, एक काळी, आणि त्याच खोलीवर टांगायच्या. उजेडात शैवाल अन्न बनवताना प्राणवायू सोडतं; अंधारात फक्त श्वसन चालतं, म्हणजे प्राणवायू नुसता खर्च होतो. समजा सुरुवातीला प्राणवायू लिटरला ८ मिलिग्रॅम होता. काही तासांनी पारदर्शक बाटलीत १० झाला, काळीत ७ उरला. निव्वळ उत्पादन २, श्वसनात गेला १, म्हणून एकूण ३. एमएस्सीला आमच्या बाटलीचा काळा कागदच पाण्यात सुटला आणि ‘अंधारात’ प्राणवायू वाढलेला निघाला! सर म्हणाले, नवीनच शैवाल शोधलंत की. पुढच्या वेळी फॉइल गुंडाळून वर चिकटपट्टी मारली.