पीपीएसएसपीपीमध्ये (सोनीच्या पीएसपी या हातातल्या गेमयंत्राचे गेम लॅपटॉपवर चालवणारं ॲप) गाडीखाली काळा चौकोन येतोय, काय करू?

खानापूरकर: जुना लॅपटॉप हाय, ग्राफिक्स इंटेल एचडी ४०००, रॅम ४ जीबी. रेसिंग गेम लावला की गाडीच्या सावलीच्या जागी काळा चौकोन येतोय आणि आरशात काहीच दिसत नाही. स्पीड मिळावा म्हणून यूट्यूबवर बघून ‘स्किप बफर इफेक्ट्स’ चालू केलंय. चित्र कशाने काढायचं त्या पर्यायांच्या लिस्टमध्ये वल्कन तर नाहीच. धाकटा भाऊ सुट्टीला आलाय, त्याला खेळायचंय, सांगा की ओ कोणीतरी.

निपाणीचा_दादा: अरे तेच बंद कर आधी! गेम सावली, आरसा असलं आधी पडद्याआड काढून ठेवतो आणि मग तेच चित्र परत वापरतो, तू ते पडद्याआडचं कामच वगळलंस तर दिसणार कसं. स्पीड कमी झाला तर रेंडरिंग रिझोल्यूशन १एक्स कर, म्हणजे मूळ पीएसपीचं ४८० बाय २७२, जरा धूसर दिसेल पण चित्र पूर्ण येईल. वल्कनचा नाद सोड, विंडोजवर एचडी ४००० ला तो ड्रायव्हरच नाही. त्याच लिस्टमधले डायरेक्टथ्रीडी ११ आणि ओपनजीएल दोन्ही लावून बघ, बदललं की ॲप परत चालू करावं लागतं.

टिळकवाडी_००: रॅमची एकच पट्टी असेल तर तसलीच दुसरी घाल. ह्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, रॅममधलीच वापरतं, दोन पट्ट्यांनी खरंच फरक पडतो.

खानापूरकर: दादा, चौकोन गेला! डायरेक्टथ्रीडी ११, १एक्स. आरशात मागची गाडी दिसायली, भाऊ उठायला तयार नाही. पट्टी पुढच्या महिन्यात बेळगावला गेलो की बघतो.